दुखण्याचा आकडा

स्लेट फोर्कच्या खोऱ्यात कुणालाही विचारा, दुखतंय किती, तो पापणी न हलवता सांगेल, "आठ." मग दाढ दुखत असो, गुडघा दुखत असो, नाहीतर काहीच दुखत नसो. बाहेरच्या माणसाला वाटेल, काय सोसतात बिचारे! बिचारे वगैरे काही नाही. हा आकडा आमच्याकडे दुखणं मारणाऱ्या, नशा लावणाऱ्या गोळ्यांच्या काळात आला. कोळशाच्या खाणी एकेक करून बंद पडत होत्या, पाठी मोडलेली माणसं घरोघर होती, आणि अशात हमरस्त्यावरच्या ओस पडलेल्या फर्निचरच्या दुकानात एका डॉक्टरने दुखण्याचा दवाखाना थाटला. पहाटेपासून गाड्यांची रांग लागायची. डॉक्टर मान वर न करता विचारायचा, "शून्य ते दहा, किती?" दहा म्हटलं तर त्याला वाटायचं नाटक करतोय. नऊ म्हटलं तर मोठ्या इस्पितळात जा म्हणायचा. सात म्हटलं तर हलक्या गोळ्यांवर बोळवण. आठ म्हटलं की काम फत्ते. ही विद्या रांगेतल्यांनी रांगेतल्यांना शिकवली, भावाने भावाला, आईने लेकीला, आणि रविवारी चर्चच्या पायरीवर एका शेजाऱ्याने दुसऱ्याला. पुढे दवाखान्याला सरकारने कुलूप लावलं, डॉक्टर तुरुंगात गेला, आमच्यातले कितीतरी जण त्याच गोळ्यांपायी टेकडीवरच्या दफनभूमीत गेले. आकडा मात्र जिभेवर राहिला तो राहिलाच.

ओलेटा स्टिल्टनर त्या आकड्यात उस्ताद होती. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर करता करता तिची पाठ कामातून गेली होती, तेव्हा दुखणं खरंच होतं. पण खरं दुखणं असलं तरी आकडा "आठ"च सांगायचा असतो, हे तिला कळलं होतं. एकदा तर डॉक्टरला शंका आली म्हणून तिने आपल्या लहानग्या लेकीला, केंड्राला, बरोबर नेलं. गाडीत तिला पढवलं, "डॉक्टरांनी विचारलं की सांग, आई रात्री रडते." पोरीने सांगितलं. इतकं मनापासून सांगितलं, की सांगता सांगता स्वतःच हमसून रडायला लागली. परत येताना ओलेटाने तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. केंड्राने ते खाल्लं नाही. ते तिच्या हातावर वितळत राहिलं.

आता ओलेटा कित्येक वर्षं गोळ्यांपासून दूर होती. रोज सकाळी जिभेखाली ओढ आवरणाऱ्या औषधाची पट्टी ठेवायची, गुरुवारी समुपदेशकाकडे जायचं, घरी परसात शेंगा आणि टोमॅटो लावायचे, असं तिचं सरळ चाललं होतं. पाठ मात्र सुटली नव्हती, आणि गोळीची ओढही पुरती सुटली नव्हती. संध्याकाळी कधी अशी कळ यायची, आणि तिच्या मागोमाग अशी ओढ यायची, की कुठलं काय ते ओळखता येऊ नये.

आणि केंड्रा? केंड्रा डोंगरापलीकडच्या गावात दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती. दर रविवारी जेवणानंतर ती आपल्या लेकीला, जोसीला, घेऊन यायची. चांगलं वागायची, आईची भांडी घासायची, कौलं गळतात का बघायची. पण जोसीला आजीजवळ एकटं सोडून ती अंगणापर्यंतसुद्धा जायची नाही. आणि आईला सगळं विचारायची, पाठीचं तेवढं विचारायची नाही. ओलेटा चुकून "आज पाठ भरून आलीय" म्हणाली, की केंड्रा उठून दुसऱ्या खोलीत जायची. भांडण नाही, शब्द नाही. पोरीने त्या एका गोष्टीवर दार लावून घेतलं होतं. ओलेटाला त्याचा राग येत नसे. राग यायला आपली बाजू थोडी तरी खरी असावी लागते.

तर गुरुवारच्या समुपदेशकाने एक दिवस सांगितलं, की रोआनोक शहरात विद्यापीठाच्या केंद्रात एक संशोधन चाललं आहे. जुनं दुखणं आणि गोळीची ओढ, दोन्ही ज्यांना आहेत असे स्वयंसेवक हवेत. कवटी उघडायची नाही, सुई नाही. कानाला ऐकू न येणारा आवाज यंत्रातून डोक्यातल्या एका खोल जागी सोडायचा. दुखण्याची जाणीव आणि ओढ, दोघींचं बिऱ्हाड म्हणे तिथेच आहे.

ओलेटाचा धाकटा भाऊ डेन्व्हर हे ऐकून पोट धरून हसला. खाणीतून निवृत्त झाल्यापासून हसणं हाच त्याचा धंदा होता.

"तुझ्या डोक्यात आवाज सोडणार? आधीचे कमी आहेत होय गं?"

"तू गाडी चालवणार का तेवढं बोल."

"चालवतो की. पण मला सांग, तो आवाज दर वेळी खरा असतो का?"

"नाही. काही दिवशी यंत्र चालू असतं, काही दिवशी नुसतंच डोक्यावर ठेवतात. कुठल्या दिवशी काय, ते मलाही कळत नाही नि समोरच्या डॉक्टरलाही नाही."

"म्हणजे तुला फसवणार, आणि तू वर सही करून दिलीस!"

"फसवणार असं आधी सांगून फसवतात रे. आपल्याला एवढंसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं."

डेन्व्हर गाडीची किल्ली शोधायला उठला.

केंद्रातल्या डॉक्टर व्हिटलॉक उंच, हडकुळ्या, आणि बोलताना सारखा चष्मा वर सारणाऱ्या बाई होत्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मिसेस स्टिल्टनर, केसांना जेल लावावं लागेल. चिकट असतं, आधीच सांगते."

"लावा की. कालच पार्लरमध्ये बसून केस सेट करून आले. तुमच्या जेलसाठीच म्हणा."

मग तिच्या डोक्यावर टोपीसारखं काहीतरी बसवलं. यंत्राचा आवाज तर नव्हताच, धक्का नव्हता, गुदगुलीसुद्धा नव्हती. मनगटाच्या वर एक छोटी गरम पट्टी टेकवून कितपत भाजतं ते विचारलं. पडद्यावर गोळ्यांची चित्रं दाखवली, निळ्या, पांढऱ्या, फिक्या गुलाबी. ओलेटा त्या सगळ्यांना नावानिशी ओळखत होती. तोंडाला पाणी सुटलं, तळवे ओले झाले, आणि स्वतःची अशी लाज वाटली की विचारू नका. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "आत्ता पाठीचं दुखणं किती? शून्य ते दहा."

"आठ," ओलेटा म्हणाली.

पुढच्या खेपेला आठ. त्याच्या पुढच्या खेपेला आठ. यंत्र लावायच्या आधी आठ, लावल्यानंतर आठ. डॉक्टर लिहून घेत आणि चष्मा वर सारत.

गंमत अशी, की खोटं बोलायचं असं काही ओलेटाने ठरवलं नव्हतं. उलट एके दिवशी परत येताना हमरस्त्यावरचं ते जुनं फर्निचरचं दुकान मागे पडलं आणि तिच्या लक्षात आलं, की आपण तिकडे बघायचंच विसरलो. तिथे आता टायर विकतात. टायरांचं दुकान असो नाहीतर काही असो, इतकी वर्षं ते दिसलं की ओढ जागी व्हायची. आज ती जागी झाली नव्हती.  तिला डेन्व्हरला सांगावंसं वाटलं, पण चांगली गोष्ट बोलून दाखवली की निसटते अशी तिची पक्की समजूत होती.

पुढच्या आठवड्यात शेंगा उतरल्या. आमच्याकडे शेंगा उतरल्या की घरात दुसरं काही होत नाही. निवडा, मोडा, बरण्यांत भरा, आणि बरण्यांच्या त्या मोठ्या कुकरमध्ये वाफेवर ठेवा. डेन्व्हर ओसरीवर बसून शेंगा मोडत होता, म्हणजे दोन मोडत होता आणि चार गोष्टी सांगत होता. ओलेटा आतून आली. तिच्या हातात तो कुकर होता, अख्खा, बरण्यांसकट. तिने तो ओसरीच्या पाटावर ठेवला, एक हात कमरेवर ठेवून कपाळाचा घाम पुसला, आणि म्हणाली, "तोंडापेक्षा हात चालव जरा."

डेन्व्हर तिच्याकडे बघतच राहिला.

"काय झालं? भूत बघितल्यासारखं काय करतोयस?"

"ओलेटा, तो कुकर गेल्या वर्षी मी आणि शेजारच्या वेसलीने मिळून उचलला होता."

ओलेटाने कुकरकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे.

"काल रोआनोकला किती सांगितलंस?" डेन्व्हरने विचारलं.

तिने एक शेंग उचलून मोडली.

"आठ?" त्याने मांडीवर थाप मारली. "आठ! अगं बाई, ती माणसं तुझं दुखणं कमी व्हावं म्हणून देव पाण्यात घालून बसलीयत, आणि तू त्यांना आठ सांगतेस? आपण काय त्या दवाखान्याच्या रांगेत आहोत का अजून?"

तो हसत होता. पण ओलेटा खाली बसली. तिला हसू येत नव्हतं. काल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पाठीचं नेमकं काय चाललं होतं, हे तिला आठवेना. तिने बघितलंच नव्हतं. जीभ आधी बोलून मोकळी झाली होती. आणि मग आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मात्र बोचली. एक क्षण तिला काल कळलं होतं की हे आठ नाही. कळूनही तिने ते दुरुस्त केलं नव्हतं.

रात्रभर तिच्या मनात एकच चाललं. ह्या प्रयोगात ती गेली होती ती पाठ बरी व्हावी म्हणून, हे खरं. पण आतल्या आत तिला दुसरंच हवं होतं. आपण काही म्हणावं आणि केंड्राने त्यावर विश्वास ठेवावा. निदान दुसऱ्या कुणी मोजमाप करून सांगावं, की ही बाई आता खरं बोलते. आणि तिथे जाऊन तिने काय केलं होतं, तर ये रे माझ्या मागल्या.

पुढच्या खेपेला टोपी चढवायच्या आधीच ती म्हणाली, "डॉक्टर, थांबा. माझे आकडे खोटे आहेत."

डॉक्टर व्हिटलॉकनी पेन खाली ठेवलं.

"मुद्दाम नाही केलं. पण मुद्दाम नाही असंही नाही. आमच्याकडे सगळे आठच सांगतात. मला वाटलं, कमी सांगितलं तर काढून घ्याल."

"काय काढून घेऊ?"

"जे काय देताय ते. बरं वाटतंय म्हटलं की काढून घेतात हो. आजवर तसंच झालंय."

"पण इथे उलटं आहे, मिसेस स्टिल्टनर. दुखणं कमी झालेलं दिसलं, तरच पुढच्या भागात घेतात. तिथे वर्षभर उपचार आहेत."

"ते डोक्याला कळतं. जिभेला कळत नाही."

डॉक्टरांनी आधीची पानं उलटली. मग सावकाश म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात, तुमच्याकडे सगळे..."

"सगळे. आमच्या खोऱ्यातून इथे आणखी कोण येतं मला ठाऊक नाही, पण त्यांनीही आठच सांगितलं असणार."

"दुसऱ्यांबद्दल मी बोलू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. पण त्यांचे कान लाल झाले. ओलेटाला हसू आवरेना, आणि मग डॉक्टरांनाही आवरेना. दोघी बराच वेळ हसल्या. हसून झाल्यावर डॉक्टरांनी जे सांगितलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. लिहिलेले आकडे खोडता येणार नव्हते. हे संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवावं लागणार होतं. समिती कदाचित तिला संशोधनातून काढून टाकेल.

"काढा," ओलेटा म्हणाली. म्हणाली खरी, पण घरी येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला होता.

डेन्व्हरने ही कथा केंड्राला फोनवर सांगितली, अर्थातच मीठमसाला लावून. केंड्रा एवढंच म्हणाली, "आता कबुली का? बरं, नवीन काहीतरी." हेही डेन्व्हरने बहिणीला सांगितलं, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. ओलेटाला वाईट वाटलं. पण पोरीचं चुकलं असं तिला म्हणवेना. आईच्या कबुल्या केंड्राने लहानपणी कमी ऐकल्या होत्या का? प्रत्येक कबुलीच्या मागे काहीतरी मागणं असायचं.

समितीने काढलं नाही. पहिला भाग नव्याने सुरू करा म्हणाली, आणि डॉक्टरांना प्रश्न विचारायची पद्धत बदलायला लावली. आता आधी विचारायचे, सकाळी मोजे कसे घातलेत? जिना कसा चढलात? रात्री कुशीवर वळताना जाग आली का? आणि मग आकडा.

आणि ओलेटाला कळलं, की खरं सांगणं वाटतं तितकं सोपं नाही. खोटं सांगायला काही बघावं लागत नाही. खरं सांगायला आधी आत डोकावून बघावं लागतं. ती घरात स्वतःशीच सराव करू लागली. भांडी घासताना थांबायची, डोळे मिटायची, पाठीत उतरायची. किती? पाच. नाही, पाच नाही, साडेचार.

"अर्धा चालत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"दुखणं अर्ध्यावर थांबलं तर मी काय करू?"

कधी पाच, कधी तीन. एका सकाळी तर दोन. त्या दोनाने ती इतकी घाबरली की खुर्चीवर बसून रडली. एवढी वर्षं तिने आपलं दुखणं सगळ्यांना सांगितलं होतं, विकलं होतं, त्यावर भांडली होती, आणि ते खरोखर केवढं आहे हे एकदाही निवांत बसून पाहिलं नव्हतं. ओढही कमी झाली होती. पडद्यावरच्या गोळ्यांची चित्रं आता जुन्या शेजाऱ्यांच्या फोटोंसारखी वाटत. ओळख होती, भेटायची घाई नव्हती. हे सगळं यंत्राने होत होतं, की बघायला शिकल्याने होत होतं, कुणास ठाऊक. डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं, आणि त्या तसं सरळ सांगत. ओलेटाला त्यांची हीच गोष्ट आवडायची.

पहिल्या भागाचा शेवटचा दिवस आला, आणि नेमका त्याच दिवशी डेन्व्हरच्या बायकोच्या काकांचा दफनविधी निघाला. शवपेटीला खांदा द्यायला डेन्व्हर हवाच होता. त्याने काय केलं, बहिणीला न विचारता केंड्राला फोन लावला. केंड्राने कामावरून सुटी घेतली, जोसीला सासूकडे ठेवलं आणि सकाळी दारात गाडी आणून उभी केली.

केंड्राची गाडी लहान होती आणि सीट फळीसारख्या कडक. त्या दिवशी ओलेटाची पाठ पहाटेपासूनच बिनसली होती. का, ते पाठीलाच ठाऊक. डोंगर उतरेपर्यंत कळ कमरेतून मांडीत उतरली. डेन्व्हर असता तर तिने त्याला वाटेत तीनदा थांबवलं असतं. पण शेजारी केंड्रा होती. केंड्रापुढे पाठीचा शब्द काढायचा नव्हता. ओलेटा दारावरची मूठ धरून बसली आणि बाहेरच्या गाई बघत राहिली.

"आज काय असतं?" केंड्राने विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"शेवटचा दिवस. सगळे आकडे मिळून बघतात. खाली आले असतील तर पुढच्या भागात घेतात. वर्षभर."

"मग येतीलच की खाली," केंड्रा म्हणाली. रस्त्यावरची नजर तिने काढली नाही.

ओलेटाला ते असं लागलं, की क्षणभर पाठ विसरायला झालं. पण उत्तर काय देणार? ज्या आकड्याने काम होतं तो आकडा आई सांगते, हे ही पोरगी तिच्याकडूनच शिकली होती.

यंत्र झालं. जेल पुसून झालं. मग तिला त्या छोट्या खोलीत बसवलं, जिथे थोडा वेळ थांबून शेवटचा आकडा विचारतात. सोबतच्या माणसाला तिथे येऊ देत. केंड्रा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. लहानपणी त्या दवाखान्यात ती अशीच बसायची, शाळेचं दप्तर मांडीवर धरून. ओलेटाने ते पाहिलं, आणि लगेच नजर वळवली.

डॉक्टर व्हिटलॉक आल्या. मोज्यांचं विचारलं, जिन्याचं विचारलं. मग चष्मा वर सारून म्हणाल्या, "आणि आत्ता?"

ओलेटाने डोळे मिटले. उतरून पाहिलं. पाठ रागावलेली होती, मांडी ठणकत होती. हे काही चार नव्हतं. पण चार किती सोपं होतं! चार म्हटलं की पुढचं वर्ष पक्कं. चार म्हटलं की डॉक्टर खूश होतील. आणि खोटं तरी कितीसं? गेल्या आठवड्यात चार होतंच ना? तिची जीभ टाळ्याला टेकून तयार होती. ह्या जिभेला कुठल्या खोलीत कुठला आकडा चालतो हे बरोबर कळत असे.

"सात," ओलेटा म्हणाली.

डॉक्टरांचा हात थबकला. "सात?"

"सात. सकाळपासून. गाडीत वाढलं."

"यंत्र लावल्यानंतरही?"

"तुमचं यंत्र आज चालू होतं का बंद, मला काय ठाऊक! पण आहे सात. वाईट वाटतंय मला, डॉक्टर. लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं. "एका दिवसावर काही ठरत नाही," त्या म्हणाल्या. "सगळे दिवस बघतील. पण मी तुम्हाला वचन देऊ शकत नाही."

"देऊ नका," ओलेटा म्हणाली, आणि खुर्चीचे हात धरून उठली. उठताना तोंडातून निघालेलं कण्हणं तिने दाबायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. केंड्रा तिच्याकडे पाहत होती. तोंडावर काहीच दिसत नव्हतं.

परतीच्या वाटेवर गाडी शहराबाहेर पडली. मग केंड्रा म्हणाली, "चार म्हणाली असतीस तर?"

"तर बहुतेक घेतलं असतं."

"मग म्हणाली का नाहीस?"

"सात होतं गं."

 एक मालट्रक मागून आला, पुढे गेला. केंड्राने अचानक डावं-उजवं न बघता गाडी बाजूच्या विश्रांतीच्या जागेत घातली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात चाकावर ठेवून बसली.  ओलेटा घाबरली. आता ही बोलणार, इतक्या वर्षांचं सगळं एकदम बोलणार, आणि बोलावंच तिने, असं तिला वाटलं.

"आई," केंड्रा म्हणाली, "खूप दुखतंय का?"

 पोरीच्या तोंडून हा प्रश्न कधी ऐकला होता ते ओलेटाला आठवेना. 

"येताना फार दुखलं," ती शेवटी म्हणाली. "आता जरा कमी आहे. पण आहे."

"मग येतानाच सांगायचंस ना! थांबले असते की मी." केंड्राचा आवाज चढला, फाटला, आणि ती डोळे पुसत गाडीतून उतरली. वळसा घालून ह्या बाजूला आली, दार उघडलं, आणि आईच्या काखेत हात घालून तिला उठवलं. उचलायचं कसं ते तिला बरोबर ठाऊक होतं. आधी पाय बाहेर, मग वजन आपल्यावर. कधी बघून ठेवलं होतं पोरीने?

दोघी हळूहळू गवतावरून चालल्या. केंड्राने काखेतला हात काढला नाही. बाकापाशी आल्यावर ती नाक ओढत म्हणाली, "शनिवारी मला दुपारपर्यंत काम आहे. सासूबाई नाहीयेत. जोसीला तुझ्याकडे सोडू का?"

ओलेटाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिने मान हलवली. मग मान हलवलेली दिसली नसेल म्हणून आणखी एकदा हलवली.

"पण तिला उचलून घ्यायचं नाही हं," केंड्रा म्हणाली. "कितीही हट्ट केला तरी नाही. पाठ दुखते तुझी."